कंत्राट की उपअनुदान? एका काउंटीच्या भाडेमदत योजनेचं प्रकरण

कोविडच्या काळात अमेरिकेत लाखो कुटुंबांचं घरभाडं थकलं. तेव्हा केंद्र सरकारने राज्यांना आणि स्थानिक सरकारांना भाडेमदतीसाठी दोन टप्प्यांत पैसे दिले. पहिला टप्पा डिसेंबर २०२० च्या कायद्यातला, २५ अब्ज डॉलरचा. दुसरा मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधला, २१.५५ अब्जांचा. दोन लाखांहून जास्त वस्तीच्या काउंट्यांना (म्हणजे राज्याखालच्या, आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारांना) आणि शहरांना हा पैसा ट्रेझरी म्हणजे केंद्राच्या अर्थखात्याकडून थेट मिळू शकत होता. पैसा लवकर आला, पण तो घरोघरी पोचवणारी माणसं बहुतेक काउंट्यांकडे नव्हती. मग बाहेरच्या संस्था घ्याव्या लागल्या, घाईघाईत करार झाले, आणि त्या करारांवर ‘कंत्राट’ (सेवा विकत घेणं) लिहिलं की ‘उपअनुदान’ (योजना चालवण्यासाठी अनुदानातला हिस्सा पुढे देणं), यावरून पुढे वर्षभराने लेखापरीक्षणात प्रश्न उभे राहिले.

खालचं प्रकरण कुठल्याही एका काउंटीचं नाही. अशा लेखापरीक्षणांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते रचलं आहे. काउंटीच्या करारांतले आकडे उदाहरणादाखल आहेत. नियम, तारखा आणि मर्यादा खऱ्या आहेत.

काउंटीची वस्ती तीन लाखांच्या आसपास. गृहनिर्माण विभागात चार माणसं. भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची केंद्राची स्थगिती कधी उठेल याचा नेम नव्हता, त्यामुळे वेळ काढून चालणार नव्हतं. विभागाने खरेदी विभागाला गाठलं. खरेदी विभागाने ‘व्यावसायिक सेवा करारा’चा आपला नेहमीचा नमुना काढून दिला. सल्लागार नेमायचा असो की लिफ्टची देखभाल, हाच नमुना वापरायचा. त्यात नाव आणि रक्कम भरून तीन करार झाले. स्थानिक समाजसेवी संस्थेशी ५० लाख डॉलरचा: त्यातले ४६ लाख भाडं आणि वीज-पाण्याच्या बिलांसाठी, ४ लाख प्रशासनासाठी. भाडेकरूंना कोर्टात वकील देणाऱ्या कायदेविषयक मदत संस्थेशी ३ लाखांचा. आणि पत्रकं छापून टपालाने पाठवणाऱ्या छापखान्याशी २२ हजारांचा. अर्ज भरण्याचं पोर्टल देणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचा १ लाख ८० हजारांचा करार तेवढा ‘उपअनुदान’ म्हणून नोंदवला गेला. त्याचं कारण पुढे येईल.

थोडक्यात, जिथे उपअनुदान होतं तिथे कंत्राट लिहिलं गेलं आणि जिथे कंत्राट होतं तिथे उपअनुदान.

संस्थेचा करार जवळून पाहिला तर

केंद्राचं अनुदान मिळालेल्या संस्थेने त्यातला पैसा पुढे दुसऱ्याला दिला, तर तो घेणारा उपअनुदानग्राही आहे की कंत्राटदार, हे ठरवण्याचा नियम केंद्राच्या नियमसंहितेतल्या २ सीएफआर २००.३३१ या कलमात आहे. नियम दोन्ही प्रकारांच्या पाच-पाच खुणा देतो आणि वर स्पष्ट सांगतो की या सगळ्या खुणा प्रत्येक करारात सापडतीलच असं नाही. कागदाच्या रूपापेक्षा नात्याचा आशय महत्त्वाचा, आणि निर्णय तारतम्याने घ्यायचा. माझ्या मते या कलमातलं सर्वात मोलाचं वाक्य हेच आहे, आणि सर्वात जास्त दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं. लोक पाच खुणांचा तक्ता करतात, बरोबरच्या खुणा मोजतात आणि तीन विरुद्ध दोन असा निकाल लावतात. पाच खुणांना सारखं वजन नाही, त्यामुळे मोजून काही हाती लागत नाही.

भाडेमदतीसारख्या योजनेत एक खूण बाकी सगळ्यांवर भारी पडते: मदत कोणाला मिळणार हे कोण ठरवतं? करार पाहू. पहिली बारा पानं विमा, नुकसानभरपाई, तीस दिवसांत बिल चुकतं करणं, वाद कोणत्या कोर्टात चालतील वगैरे. तेराव्या पानावर मात्र परिशिष्ट ‘ब’: ‘कंत्राटदार ट्रेझरीच्या निकषांनुसार अर्जदार कुटुंबांची पात्रता स्वतंत्रपणे निश्चित करील, मदतीची रक्कम ठरवील आणि ती घरमालकास अदा करील.’ एवढं वाचलं की पुढे वाद घालण्यासारखं काही उरत नाही. पात्रता ठरवणं, कार्यक्रमाचे निर्णय घेणं, केंद्राच्या अटी स्वतः पाळणं, या तिन्ही खुणा त्या एका वाक्यात आहेत. शिवाय हा पैसा ज्या सार्वजनिक हेतूसाठी कायद्याने दिला, तो हेतूच संस्था पार पाडत होती. काउंटीला स्वतःसाठी काही वस्तू किंवा सेवा लागत होती आणि ती संस्थेकडून विकत घेतली, असं इथे काही नव्हतं.

खरेदी विभागाचं म्हणणं होतं की संस्था दर महिन्याला बिल देते, आम्ही बिलावर पैसे देतो, म्हणजे कंत्राटच. हा युक्तिवाद इतका सर्रास ऐकू येतो की त्याला सरळ उत्तर द्यायला हवं: बिलावर पैसे देणं ही फक्त पैसे पोचवण्याची पद्धत आहे, आणि खर्च भरपाईच्या पद्धतीने दिलेल्या उपअनुदानातही मागणीपत्र येतंच. दुसरा तितकाच लोकप्रिय समज म्हणजे ना-नफा संस्था असेल तर उपअनुदान आणि कंपनी असेल तर कंत्राट. ना-नफा संस्था कंत्राटदार असू शकते. एखाद्या ना-नफा छापखान्याने पत्रकं छापली तरी ती छपाईच राहते. आणि नफ्यासाठी चालणारी कंपनीही उपअनुदान घेऊ शकते. तिला सिंगल ऑडिटचा (केंद्राचा पैसा मोठ्या प्रमाणावर खर्च करणाऱ्या संस्थांच्या सक्तीच्या लेखापरीक्षणाचा) नियम लागू होत नाही, म्हणून तिच्यावर लक्ष कसं ठेवायचं ते पैसे देणाऱ्याने करारातच ठरवावं लागतं.

आता एक फाइल. एका भाडेकरूच्या घराचं भाडं महिना १,३०० डॉलर, सात महिने थकलेलं. घरमालकाच्या खातेवहीत ९,१०० डॉलर बाकी. भाडेकरू उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई. उपाहारगृहाच्या मालकाने धंदाच बंद केला, त्यामुळे पगाराची चिठ्ठी मिळायची सोय नव्हती. तिने उत्पन्नाचं लेखी स्वयंघोषणापत्र दिलं आणि ट्रेझरीच्या मार्गदर्शनात अशा घोषणापत्राला जागा होती. पण घरात तिचा चुलतभाऊही राहत होता. तो कुटुंबात धरला, तर एकूण उत्पन्न त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या वर जात होतं आणि कुटुंब अपात्र ठरत होतं. तो तात्पुरता आला आहे असं धरलं, तर पात्र. संस्थेच्या कार्यकर्तीने बाईशी बोलून, भावाचा कायमचा पत्ता दुसरीकडे आहे हे पाहून, त्याला वगळलं आणि रक्कम मंजूर केली.

तिचा निर्णय मला योग्य वाटतो. पण तो निर्णय होता, कारकुनी नव्हती. ९,१०० डॉलर आणि एका कुटुंबाचं छप्पर त्यावर ठरलं. काउंटीतल्या कुणी ती फाइल पाहिली नव्हती, भाऊ धरायचा की वगळायचा याबद्दल एक ओळही लिहून दिली नव्हती, आणि शेजारच्या टेबलावरची दुसरी कार्यकर्ती अशाच भावाला धरत असेल तर ते कळण्याची सोयही नव्हती. पुढचे सगळे नियम यासाठीच आहेत. उपअनुदानग्राहीवर देखरेख ठेवण्याची सक्ती म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. निर्णयाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती दिला, की सारख्या अडचणीतल्या दोन कुटुंबांना सारखं उत्तर मिळतंय ना हे कुणीतरी पाहावं लागतं.

लेखापरीक्षणात काय निघालं

एका आर्थिक वर्षात केंद्राचे साडेसात लाख किंवा त्याहून जास्त डॉलर खर्च करणाऱ्या संस्थेला तेव्हा सिंगल ऑडिट करून घ्यावं लागत असे. १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी ही मर्यादा १० लाखांवर नेली आहे. काउंटीचं ऑडिट झालं, आणि केंद्राच्या खर्चाच्या विवरणपत्रात उपअनुदानग्राहींना दिलेल्या रकमेच्या रकान्यात समाजसेवी संस्थेचं नावच नव्हतं.

तिथून धागा उलगडत गेला. कलम २००.३३२ प्रमाणे उपअनुदान देताना बरीच माहिती लेखी द्यावी लागते: मूळ अनुदानाचा क्रमांक, तारीख, कालावधी, रक्कम, कार्यक्रमाचा सूचीक्रमांक (भाडेमदतीसाठी २१.०२३), अप्रत्यक्ष खर्चाचा (कार्यालय, वीज, हिशेब अशा सामायिक खर्चाचा) दर. करारात यातलं काहीही नव्हतं, कारण लिफ्टच्या देखभालीच्या नमुन्यात त्यासाठी जागाच नसते. संस्थेच्या जोखमीचा अंदाज कुणी घेतला नव्हता. कामगिरीचे अहवाल मागवले नव्हते. आणि सगळ्यात महाग पडलेली गोष्ट अशी: संस्थेला सांगितलं होतं की तुम्ही कंत्राटदार आहात. कंत्राटदाराला मिळालेला पैसा केंद्राचं अनुदान म्हणून त्याच्या विवरणपत्रात जात नाही. म्हणून संस्थेने तो दाखवला नाही, तिच्या हिशेबात केंद्राचा खर्च साडेसात लाखांच्या आतच राहिला, आणि लाखो डॉलर वाटूनही तिने त्या वर्षी सिंगल ऑडिट केलं नाही. साधं वार्षिक ऑडिट तेवढं झालं.

म्हणजे ४६ लाखांचे पात्रतेचे निर्णय ना काउंटीने तपासले, ना संस्थेच्या लेखापरीक्षकाने. दोघांनीही आपल्यापुढचे कागद प्रामाणिकपणे वाचले होते आणि कागदच चुकीचा होता.

काउंटीच्या अहवालात देखरेखीच्या बाबतीत गंभीर उणीव असल्याचा शेरा आला. याचा परिणाम एका वर्षापुरता राहत नाही. असा शेरा आला की ‘कमी जोखमीचा’ हा दर्जा जातो आणि पुढच्या ऑडिटांत केंद्राच्या खर्चाचा किमान २० टक्क्यांऐवजी ४० टक्के भाग तपासावा लागतो. जास्त तपासणी म्हणजे जास्त फी, आणि त्याच चार माणसांची जास्त धावपळ.

उलटी चूक

सॉफ्टवेअर कंपनीच्या बाबतीत विभागाचं म्हणणं असं की अर्जदार ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे पोर्टलच दाखवतं, मग कंपनीच पात्रता ठरवते. पण उत्पन्नाची मर्यादा कंपनीने ठरवलेली नव्हती. काउंटीने दिलेल्या नियमांवर यंत्र चालत होतं आणि पडद्यावरचा शब्द संस्थेची कार्यकर्ती बदलू शकत होती. कंपनी हेच पोर्टल अनेक काउंट्यांना विकत होती, तिचे स्पर्धक बाजारात होते, आणि योजना यशस्वी झाली की फसली यावर तिचे पैसे अवलंबून नव्हते. कंत्राटदाराच्या सगळ्या खुणा इथे जुळतात.

मग उपअनुदान का लिहिलं? उपअनुदान देताना केंद्राच्या खरेदीनियमांतली स्पर्धा लागू होत नाही. कंत्राट म्हटलं असतं, तर अडीच लाखांच्या आतल्या त्या खरेदीसाठी काउंटीला पुरेशा विक्रेत्यांकडून दरपत्रकं मागवावी लागली असती, आणि तेवढा वेळ नव्हता. मला त्यांची अडचण कळते. तातडीची खरेदी स्पर्धेशिवाय करण्याची वाटही नियमांत आहे, फक्त कारण लेखी नोंदवावं लागतं. ती वाट सरळ होती. त्याऐवजी नाव बदललं, आणि त्यातून नवा घोळ झाला: केंद्राच्या अनुदानावर नफा कमावता येत नाही, जोवर त्या अनुदानाच्या अटींतच तशी परवानगी नसेल. कंपनीच्या दरात नफा होताच, कंत्राटात असतो तसा. आता तो नामंजूर खर्च ठरण्याची वेळ आली.

नाव निवडण्यामागचा मोह विद्यापीठांत याहून मोठा असतो. अप्रत्यक्ष खर्चाची आकारणी ज्या रकमेवर होते, तिच्यात प्रत्येक उपअनुदानाचे फक्त पहिले २५ हजार डॉलर धरले जात. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत ५० हजार. कंत्राट मात्र पूर्ण धरलं जातं. समजा दर ५० टक्के आहे आणि दोन लाखांचं काम बाहेर दिलं आहे. जुन्या नियमाने उपअनुदान म्हटलं तर विद्यापीठाला साडेबारा हजार मिळतात, कंत्राट म्हटलं तर एक लाख. एका शब्दावर साडेसत्याऐंशी हजारांचा फरक. असा फरक समोर असताना निर्णय पैशाच्या माणसाने एकट्याने घेऊ नये असं मला वाटतं. काम ओळखणारा माणूस त्या टेबलावर बसलेला हवा.

आपल्याकडच्या संशोधन आणि सेवाभावी संस्थांनाही हा भेद परका नाही. अमेरिकन विद्यापीठाकडून पुण्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या ना-नफा संस्थेला अनुदानाचा हिस्सा आला, तर तो परकीय योगदान ठरतो आणि परकीय योगदान नियमन कायदा (एफसीआरए) लागू होतो. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचं शुल्क म्हणून आलेली रक्कम त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर कलम ७ प्रमाणे परकीय योगदान दुसऱ्या कुठल्याही संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे गडचिरोलीतल्या छोट्या संस्थेला उपअनुदान देण्याचा रस्ता बंद. अशा वेळी तेच काम ‘सेवा करार’ म्हणून लिहिण्याचा मोह होतो, आणि तिथेही प्रश्न तोच राहतो: ती छोटी संस्था सेवा विकते आहे की कार्यक्रम चालवते आहे? त्यात १ मे २०२५ ला एनआयएचने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, जाहीर केलं की नवी रचना होईपर्यंत परदेशी उपअनुदानं असलेले नवे अनुदान-आदेश काढले जाणार नाहीत. तेव्हापासून हे नाव योग्य आहे की नाही यावर प्रकल्प राहणार की जाणार हे ठरू लागलं आहे.

वकिलांचा करार

छापखान्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही; तो कंत्राटदार, आणि तसाच नोंदवला होता. घरमालक आणि भाडेकरू हे लाभार्थी. घरमालकाच्या खात्यात थेट पैसे गेले म्हणून तो उपअनुदानग्राही होत नाही.

कायदेविषयक मदत संस्थेचं प्रकरण खरोखर अवघड होतं आणि लेखापरीक्षकांतही त्यावर एकमत नव्हतं. कंत्राटाच्या बाजूने: तासाचा दर ठरलेला, वकिली हा नेहमीचा व्यवसाय, गावात इतरही वकील उपलब्ध. काउंटीने एकेक भाडेकरू नाव घेऊन पाठवला असता आणि दर सुनावणीला पैसे दिले असते, तर मीही कंत्राटच म्हटलं असतं.

प्रत्यक्षात संस्था स्वतः कोर्टाच्या बाहेर टेबल मांडून बसायची. कोणत्या भाडेकरूचं प्रकरण घ्यायचं, कोणाला फक्त सल्ला द्यायचा, घरमालकाशी तडजोड करायची की दावा लढायचा, हे तीच ठरवायची. भाडेकरूचं उत्पन्न मर्यादेत आहे का, हेही तीच विचारायची. अहवालात ती किती तास काम केलं एवढंच सांगत नव्हती, तर किती कुटुंबं घरात राहिली ते सांगत होती. तिचं यश योजनेच्या उद्दिष्टावर मोजलं जात होतं. तासाचा दर हा पैसे मोजण्याचा मार्ग होता. काम घरं वाचवण्याचं होतं आणि निर्णय तिचे होते. म्हणून माझं मत उपअनुदानाचं. पण याच्या उलट मत कुणी कारणांसह लिहून ठेवलं असतं, तर ते मी खोडून काढलं नसतं. अशा करड्या भागात त्या वेळी, कारणं देऊन लिहिलेलं दीड पान फाइलला असणं हाच बचाव असतो. काउंटीकडे ते दीड पान नव्हतं. वर्षभराने बसून लिहिलेलं कारण लेखापरीक्षकाला पटत नाही, आणि पटू नयेच.

पुढे काय केलं

समाजसेवी संस्थेच्या कराराला दुरुस्ती जोडून हरवलेली माहिती भरली. मागच्या तारखेने काही लिहिलं नाही, हे चांगलं झालं. काउंटीने फाइलींचा नमुना काढून पात्रता पुन्हा तपासली. बहुतेक फाइली टिकल्या. काहींत घरमालकाच्या खातेवहीची प्रत नव्हती, ती मिळवली. दोन फाइलींत एकाच महिन्याचं भाडं दोनदा गेलं होतं, ते परत मागावं लागलं. घरातल्या तात्पुरत्या पाहुण्यांना कुटुंबात कसं धरायचं यावर एक पानी सूचना निघाली. पोर्टलच्या खरेदीसाठी तातडीचं कारण आणि दरांची तुलना उशिराने का होईना, लिहिली गेली, आणि पुढच्या वर्षासाठी दरपत्रकं मागवली. आता कुठलाही करार खरेदी विभागाकडे जाण्याआधी गृहनिर्माण विभाग कंत्राट की उपअनुदान याच्या निर्धारणाचा कागद भरतो. त्यातला पहिला प्रश्न: लाभार्थी कोण निवडणार?

संस्थेचं सिंगल ऑडिट मात्र करावंच लागलं, नऊ महिन्यांची मुदत उलटून गेल्यावर. अशा ऑडिटचा योग्य वाटा अनुदानातून भागवता येतो, पण प्रशासनाचे ४ लाख केव्हाच संपले होते आणि ऑडिटची तरतूद त्यात कधी धरलीच नव्हती. कंत्राटदाराने ती कशाला धरावी? काउंटीने तिला कंत्राटदार म्हटलं होतं, म्हणून हा खर्च पूर्ण काउंटीने उचलावा असं संस्थेचं म्हणणं, आणि मला ते रास्त वाटतं. शेवटी काउंटीने सर्वसाधारण निधीतून अर्धी रक्कम दिली. उरलेली संस्थेने आपल्या गंगाजळीतून भरली, आणि त्या तिमाहीत एका कार्यकर्तीची रिकामी जागा भरली गेली नाही.